नाकाची ॲलर्जी: नागपुरात कधी, कशामुळे आणि त्यावर काय करायचं

सेमिनरी_हिल्स | १४ फेब्रुवारी, सकाळी ७:५०

सकाळी उठल्या उठल्या ओळीनं दहा-बारा शिंका, नाकातून पाण्यासारखी धार, डोळ्यांना आणि टाळूला खाज, आणि दुपारपर्यंत बहुतेक सगळं शांत. आपल्याकडे याला सरसकट ‘सर्दी’ म्हणतात आणि दुकानातून सर्दीची गोळी आणून भागवतात. सर्दी आणि ॲलर्जी या दोन्हींतला फरक कळला तर उपचार योग्य दिशेनं होतो, म्हणून हा धागा.

साध्या सर्दीत आधी घसा धरतो, अंग मोडून येतं, कधी कणकण असते, दोन-तीन दिवसांनी शेंबूड घट्ट होतो आणि ७ ते १० दिवसांत सगळं आवरतं. ॲलर्जीत ताप येतच नाही. नाकातलं पाणी पातळ आणि स्वच्छ राहतं, खाज ठळक असते आणि त्रास आठवडेच्या आठवडे चालतो, किंवा दरवर्षी त्याच महिन्यात परत येतो. खाज ही सगळ्यात मोठी खूण. लहान मुलं तळहातानं नाक खालून वर सारखं चोळतात, त्यामुळे नाकाच्या शेंड्याच्या जरा वर आडवी रेघ उमटते. डोळ्यांखाली काळसरपणा येतो. ही रेघ दिसली की ‘मुलाला सारखी सर्दी होते’ असं म्हणणं थांबवावं.

इंग्रजी नाव ‘हे फीव्हर’, पण यात ना वाळलेल्या गवताचा दोष, ना ताप. लंडनचे डॉक्टर जॉन बोस्टॉक यांनी १८१९ मध्ये हा आजार पहिल्यांदा नीट लिहून ठेवला आणि १८७३ मध्ये चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःवर प्रयोग करून परागकण कारणीभूत असल्याचं दाखवलं.

आत घडतं ते असं. निरुपद्रवी परागकणाला शरीर शत्रू समजतं आणि त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिद्रव्यं तयार करतं. ती नाकाच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. तोच कण पुन्हा आला की या पेशी काही मिनिटांत हिस्टामिन सोडतात, त्यातून शिंका, खाज, पाणी. मात्र ४ ते ८ तासांनी दुसरी लाट येते. तिच्यात अस्तर सुजतं आणि नाक चोंदतं. गोळी पहिल्या लाटेवर चांगली चालते, दुसरीवर फारशी नाही. ‘गोळी घेऊनही नाक बंदच’ या तक्रारीचं मूळ इथं आहे.

नागपूरचं ऋतुमान ज्यांना झाडापेडांच्या अंगानं ठाऊक आहे त्यांनी पुढे लिहावं.

तरोटा | १४ फेब्रुवारी, सकाळी ९:२५

चांगला विषय काढला दादा. झाडांपासून सुरू करतो.

आधी एक नियम. ज्या झाडाचा पराग वाऱ्यावर उडतो ते नाकाला त्रास देतं. ज्याचा पराग मधमाशी-भुंग्यांच्या अंगाला चिकटून जातो तो जड आणि चिकट असतो, हवेत फार तरंगत नाही. त्यामुळे डोळ्यांत भरणारं, रंगीत, सुवासिक फूल बहुतेक वेळा निर्दोष असतं. गुन्हेगार असतो तो कोणाच्या लक्षातही न येणारा हिरवट-तपकिरी मोहोर.

आता या दिवसांत वावळ फुललेला आहे. निष्पर्ण फांद्यांवर बारीक तपकिरी झुपके दिसतात तेच त्याचे फुलोरे. जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत याचा पराग उडतो, आणि भारतात ज्या झाडांची ॲलर्जी तपासणीत वारंवार निघते त्यांत वावळ वरच्या रांगेत आहे. गंमत अशी की लोक एप्रिलमध्ये त्याच्या गोल कागदी चकत्या उडताना पाहतात आणि त्यांना दोष देतात. त्या चकत्या म्हणजे बिया. तोवर पराग संपलेला असतो. काटेसावरीच्या कापसाचंही तेच. तो दिसतो म्हणून बदनाम होतो, पण त्याचे धागे नाकाच्या आत खोल जाण्याइतके बारीक नसतात.

विलायती बाभूळ, एरंड आणि महारुख हेही त्रास देणारे. एरंड तर नाल्याच्या काठी, रिकाम्या प्लॉटवर जवळजवळ वर्षभर फुलतो.

पावसाळ्यानंतरचा मोसम सगळ्यात जड. ऑगस्ट ते ऑक्टोबर हरळी आणि इतर गवतं, काटेमाठ, आणि गाजर गवत. गाजर गवताला पाऊस झाला की दीड महिन्यात फुलं येतात, आणि ओल असेल तर ते बाराही महिने फुलतं. याचा त्रास दुहेरी आहे. पराग नाकात गेला तर शिंका, आणि झाडाचा भुगा कातडीला लागला तर चेहरा, मान, कोपराच्या खाचा लाल होऊन खाजतात.

महालकर | १४ फेब्रुवारी, सकाळी १०:१०

संत्र्याच्या मोहोराचं काय? काटोल-नरखेडकडे आंबिया बहार फुलला की शिंका वाढतात असं तिकडे पुष्कळ जण म्हणतात.

तरोटा | १४ फेब्रुवारी, सकाळी १०:४८

संत्र्याचा पराग चिकट, तो मधमाशा नेतात. बागेत दिवसभर झाडाला झाड लागून काम करणाऱ्याला त्रास होऊ शकतो, पण रस्त्यानं जाणाऱ्याला नाही. आंबिया बहार आणि वावळाचा फुलोरा एकाच महिन्यात येतात. बागेच्या बांधावर आणि गावात वावळ असतो, तो कोणी पाहत नाही. शिवाय याच काळात गहू-हरभरा काढणीला येतो, मळणीयंत्राची धूळ आणि कुटार (भुसा) उडतं. त्या धुळीत बुरशीचे बीजाणू भरपूर असतात. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी होते तेव्हाही हेच. मळणीजवळ उभं राहणाऱ्यानं एन-९५ मास्क नाकावर चिमटून लावावा आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहावं.

सप्तपर्णीबद्दल आधीच सांगतो, कारण ऑक्टोबरात प्रश्न येणारच. तिचा उग्र वास हुळहुळ्या नाकाला चाळवतो हे खरं. पण वासानं चाळवणं आणि ॲलर्जी या दोन गोष्टी आहेत. अगरबत्ती, फोडणीचा ठसका, कळमन्याच्या मिरची बाजारातला खकाणा, डिझेलचा धूर हे सगळे चाळवणारे. यांच्याविरुद्ध आयजीई बनत नाही, म्हणून तपासणीत ते ‘निगेटिव्ह’ येतात आणि तरीही माणूस शिंकत असतो.

नाककानघसा | १४ फेब्रुवारी, दुपारी २:३०

औषधांबद्दल लिहिते. एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: त्रास आठवड्यातून ४ किंवा त्याहून जास्त दिवस होतो आणि सलग ४ आठवड्यांच्या वर चालतो, किंवा झोप, शाळा, काम बिघडवतो, तर पहिलं औषध म्हणजे नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा. गोळी नव्हे. फ्लुटिकासोन, मोमेटासोन, बुडेसोनाइड यांतला कोणताही.

‘स्टेरॉइड’ म्हटलं की लोक दचकतात. पोटात घ्यायची स्टेरॉइडची गोळी मिलिग्रॅममध्ये असते, हा फवारा मायक्रोग्रॅममध्ये. मोमेटासोनच्या एका फवाऱ्यात ५० मायक्रोग्रॅम, मोठ्या माणसाला प्रत्येक नाकपुडीत २, म्हणजे दिवसाला २०० मायक्रोग्रॅम. त्यातलंही रक्तात फार थोडं पोहोचतं. त्रास आटोक्यात आला की प्रत्येक नाकपुडीत एकावर आणता येतं. २ ते ११ वर्षांच्या मुलांना मोमेटासोनचा प्रत्येक बाजूला एकच, तोही डॉक्टरांनी सांगितल्यावर. आणि मुलाचं औषध महिनोन् महिने चालणार असेल तर उंची मोजून लिहून ठेवत जावी.

फवाऱ्याबाबत सर्वांत मोठी चूक म्हणजे दोन दिवस मारून ‘काही फरक नाही’ म्हणून सोडणं. थोडा परिणाम १२ तासांत जाणवतो, पण पूर्ण परिणामाला १ ते २ आठवडे रोज घ्यावा लागतो. ज्यांचा मोसम ठरलेला आहे त्यांनी मोसमाच्या दोन आठवडे आधी सुरू करावा. म्हणजे वावळाचा त्रास असेल तर जानेवारीच्या मध्यात, गवताचा असेल तर जुलैच्या शेवटी.

वर्धारोड | १४ फेब्रुवारी, दुपारी ३:०५

ताई, फवाऱ्यानं नाकातून रक्त येतं म्हणून बरेच जण सोडून देतात. त्यावर उपाय?

नाककानघसा | १४ फेब्रुवारी, दुपारी ४:१५

रक्त येतं ते औषधापेक्षा नेम चुकल्यामुळे. दोन नाकपुड्यांच्या मधे जो पडदा असतो त्याच्या पुढच्या भागात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं आहे. उजव्या हातानं उजव्या नाकपुडीत फवारा मारला की नळीचं टोक आपोआप पडद्याकडे वळतं आणि रोज त्याच जागी औषध आदळतं.

म्हणून हात उलटा वापरायचा. डाव्या नाकपुडीला उजवा हात, उजव्या नाकपुडीला डावा. आधी नाक हलकेच शिंकरून घ्या. बाटली हलवा. नवी असेल तर फवारा सारखा, धुक्यासारखा येईपर्यंत हवेत दाबा, साधारण ६ ते १० वेळा. आठवडाभर वापरली नसेल तर पुन्हा दोनदा. मान जराशी पुढे झुकवा, पायाच्या अंगठ्याकडे पाहतो तशी. मान मागे टाकायची नाही, नाहीतर औषध सरळ घशात उतरतं. टोक अर्धा-पाऊण सेंटिमीटर आत घालून त्याच बाजूच्या कानाच्या दिशेनं रोखा. दाबताना फुलाचा वास घ्यावा इतकाच हळू श्वास. जोरात ओढलं की घशात कडू लागतं, आणि कडू लागलं म्हणजे औषध नाकात थांबलंच नाही. मग तोंडानं श्वास सोडा. टोक कोरड्या कागदानं पुसून टोपण लावा. टोकाचं भोक बुजलं तर सुई घालू नका, भोक मोठं होऊन मात्रा बिघडते. टोकाचा भाग काढून कोमट पाण्यात बुडवून ठेवा.

एवढं करूनही रक्ताचा डाग दिसला तर दोन-तीन दिवस फवारा थांबवून पडद्याला बोटानं पातळ व्हॅसलीन लावा. नागपूरच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तसंही अस्तर तडकतंच. रक्त वाहतच राहिलं किंवा आत खपली धरत राहिली तर दाखवून घ्या.

औषधवाला | १४ फेब्रुवारी, रात्री ८:४०

गोळ्यांचं मी लिहितो. सेट्रिझिन १० मिलिग्रॅम, लेव्होसेट्रिझिन ५, लोराटाडिन १०, फेक्सोफेनाडिन १२० किंवा १८०, बिलास्टिन २०. मोठ्या माणसाला दिवसातून एकच. सेट्रिझिन आणि लेव्होसेट्रिझिननं काही जणांना झोप येते, ती रात्री घ्यावी. फेक्सोफेनाडिन आणि बिलास्टिननं झोप सगळ्यात कमी, त्यामुळे दिवसभर गाडी चालवणाऱ्याला त्या बऱ्या.

आता संत्रानगरीसाठी खास. फेक्सोफेनाडिन संत्र्याच्या रसाबरोबर घेऊ नका. संत्रं, सफरचंद आणि ग्रेपफ्रूट यांच्या रसामुळे आतड्यातून हे औषध शोषलं जाण्याचं प्रमाण बरंच घटतं. गोळी पोटात जाते, रक्तात पोहोचत नाही, आणि माणूस म्हणतो गोळीत दम नाही. साध्या पाण्याबरोबर घ्या आणि रसाला काही तासांचं अंतर ठेवा. बिलास्टिन तर रिकाम्या पोटीच, जेवणाच्या किंवा फळांच्या रसाच्या १ तास आधी किंवा २ तास नंतर.

जुन्या पद्धतीच्या ‘सर्दीच्या गोळी’त बहुधा क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन असतं. पहिल्यानं गुंगी येते, दुसऱ्यानं रक्तदाब वाढू शकतो. रक्तदाबाच्या रुग्णांनी आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्या वयस्कर पुरुषांनी ती स्वतःच्या मनानं घेऊ नये. त्यांची लघवी अडकू शकते.

लेव्होसेट्रिझिन आणि मॉन्टेलुकास्ट एकत्र असलेली गोळी आपल्याकडे भरमसाठ खपते. मॉन्टेलुकास्टबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकानं मार्च २०२० मध्ये सगळ्यात कडक इशारा दिला. चिडचिड, वाईट स्वप्नं, उदासी, आत्महत्येचे विचार असे परिणाम काहींमध्ये दिसतात. फक्त नाकाच्या ॲलर्जीसाठी, इतर औषधं चालत असताना, ती घेऊ नये असं तिथं स्पष्ट म्हटलं आहे. दमा असेल तर डॉक्टर देतील, तो वेगळा विचार. पण मूल गोळी सुरू झाल्यावर रात्री दचकून उठू लागलं, उगाच रडू लागलं, तर त्याचा संबंध गोळीशी जोडून पाहा आणि डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा.

महालकर | १४ फेब्रुवारी, रात्री ९:२०

नाक मोकळं करायचे थेंब मिळतात, दोन मिनिटांत श्वास सुरू होतो. ते रोज का घेऊ नयेत?

औषधवाला | १४ फेब्रुवारी, रात्री ९:५५

झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन. हे रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून सूज लगेच उतरते. ४-५ दिवसांनंतर वाहिन्या उलट फुगायला लागतात, मग थेंब टाकल्याशिवाय नाक उघडतच नाही. दर आठ तासांनी लागणारा थेंब दर तीन तासांनी लागू लागतो. वर्षानुवर्षं उशीखाली बाटली घेऊन झोपणारी माणसं गावोगाव आहेत, आणि त्यांना वाटतं आपला आजारच तसा.

सोडवायचं असेल तर आधी स्टेरॉइडचा फवारा दोन्ही बाजूंना रोज सुरू करा. थेंब पहिल्यांदा एकाच नाकपुडीत पूर्ण बंद करा, दुसरीत चालू ठेवा. बंद केलेली बाजू आठवडा-दोन आठवड्यांत उघडते. मग दुसरी बंद करा. रात्री डोक्याखाली दोन उशा घ्या आणि नाक मिठाच्या पाण्यानं धुवा. पहिले ३-४ दिवस जड जातात, हे आधीच सांगून ठेवलं की माणूस तग धरतो.

आईची_डायरी | १५ फेब्रुवारी, सकाळी ६:३५

मिठाच्या पाण्याचं नेमकं प्रमाण द्याल का? जलनेतीच्या नावाखाली ‘चिमूटभर’ लिहिलेलं असतं आणि नाक झोंबतं.

नाककानघसा | १५ फेब्रुवारी, सकाळी ८:००

झोंबतं ते मीठ कमी पडल्यामुळेही आणि जास्त झाल्यामुळेही. शरीराच्या द्रवाइतकं खारट म्हणजे लिटरला ९ ग्रॅम. घरच्या मापानं अर्धा लिटर पाण्याला बारीक मिठाचा सपाट पाऊण छोटा चमचा, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम, आणि पाव चमच्याहून कमी खायचा सोडा. चमचा ५ मिलिलिटरचा, शीग लावायची नाही. मीठ आयोडीन नसलेलं मिळालं तर बरं. सोड्यानं झोंबणं कमी होतं. बेकिंग पावडर नव्हे, खायचा सोडा.

पाणी हा यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. नळाचं, विहिरीचं, आरओचं, कोणतंही पाणी सरळ नाकात घालायचं नाही. खळखळ उकळी आल्यावर निदान १ मिनिट उकळू द्या, झाकून कोमट करा, २४ तासांत संपवा. न उकळलेल्या पाण्यातून नेग्लेरिया नावाचा अमीबा नाकावाटे मेंदूत जाऊ शकतो. हे फार क्वचित घडतं, पण घडलं तर बहुतेक वेळा जीव जातो. हेच पाणी प्यायल्यानं काही होत नाही, नाकातून गेलं तरच धोका.

बेसिनवर वाका, डोकं एका बाजूला कलतं करा, तोंड उघडं ठेवून तोंडानंच श्वास घ्या, वरच्या नाकपुडीतून १०० ते १२० मिलिलिटर हळू सोडा. दुसरीतून बाहेर येईल. मग बाजू बदला. नंतर कमरेत वाकून डोकं खाली करून दोन्ही बाजूंना हलवा म्हणजे अडकलेलं पाणी निघतं. नाही निघालं तर तासाभरानं वाकलं की भसकन येतं. दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हळू शिंकरा. एक दाबून जोरात शिंकरलं की पाणी कानात जातं. भांडं रोज साबणानं धुऊन पालथं वाळवा. नाक पूर्ण बंद असताना किंवा कान ठणकत असताना करू नका. फवारा नेतीनंतर १०-१५ मिनिटांनी, आधी मारला तर धुऊनच जाईल.

कूलर_मिस्त्री | १५ फेब्रुवारी, दुपारी १२:२०

नागपुरात कूलरशिवाय हा विषय पूर्णच होत नाही. एप्रिल ते जून खोलीतली सगळी हवा त्याच्या ताट्यांतून येते.

जुनी ताटी पुन्हा लावू नका. गेल्या वर्षीच्या लाकडी गवताच्या किंवा खसाच्या ताटीत दहा महिन्यांची धूळ, झुरळांची घाण आणि बुरशी असते. पहिल्या दिवशी कूलर लावला की जो कुबट वास येतो तो बुरशीचाच. नवी ताटीसुद्धा सरळ खिडकीत चढवायची नाही, तिच्यात गवताचा बारीक भुसा असतो. अंगणात पाइपनं दोनदा धुवा, पिवळं पाणी जाऊ द्या. मग बसवल्यावर पंखा बंद ठेवून १० मिनिटं फक्त पंप चालवा, ते पाणी फेका, नवं भरा. मोसमभर रोज हाच क्रम: आधी पंप, ताटी पूर्ण भिजली की मग पंखा. कोरड्या ताटीवर पंखा लावला की दिवसभराची धूळ आणि पराग थेट पलंगावर येतात.

टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून ब्रशनं घासा. डेंग्यूच्या डासासाठीही हा नियम आहेच. बोअरचं पाणी असेल तर हनीकोंबच्या पॅडवर पांढरा क्षार धरतो, मऊ ब्रशनं उभ्या दिशेनं झाडा, आडवं घासलं तर घड्या फाटतात.

कूलरला हवा बाहेर जायला वाट हवी. समोरची खिडकी किंवा दार वीतभर उघडं ठेवा. बंद खोलीत कूलर चालवला की ओल कोंडते, गादीत मुरते, आणि धुळीतले माइट वाढतात. मृगाचा पाऊस झाला, हवा दमट झाली की कूलर थंडही करत नाही आणि ओल मात्र वाढवतो. त्या दिवशी तो बंद. काढून ठेवताना पाणी काढा, पंप बंद ठेवून अर्धा दिवस नुसता पंखा चालवून सगळं सुकवा, ताट्या टाकून द्या.

सेमिनरी_हिल्स | १५ फेब्रुवारी, दुपारी १:४०

वा, हे हवंच होतं. माइटचं मी जोडतो. डोळ्यांना न दिसणारा हा जीव आपल्या कातडीच्या कोंड्यावर जगतो आणि हवेतून पाणी शोषतो. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांखाली सतत राहिली तर तो सुकून मरतो. म्हणजे नागपूरचा उन्हाळा हा आपला मोठाच मित्र, कूलरच्या खोलीनं तो वाया घालवला नाही तर. गाद्या, उशा, रजया मेच्या उन्हात गच्चीवर दोन्ही बाजूंनी तापवा. पण मेलेल्या माइटची विष्ठा तशीच राहते आणि ॲलर्जी तिचीच असते. म्हणून ऊन दिल्यावर बदडणं आवश्यक, आणि बदडायचं काम ॲलर्जी नसलेल्या माणसानं, मास्क लावून. चादरी आणि अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात. यंत्रात गरम पाण्याची सोय नसेल तर बादलीत कढत पाण्यात अर्धा तास भिजत घालून मग धुवा. कापसाची जुनी गादी पिंजून घेताना ॲलर्जी असलेला माणूस घरात नसावा. कोरड्या झाडूऐवजी ओलं पोछं.

वर्धारोड | १५ फेब्रुवारी, सायंकाळी ६:१०

तपासणीबद्दल विचारायचं आहे. रक्ताच्या एका तपासणीत शे-दोनशे पदार्थांची ॲलर्जी सांगणारी पॅकेजं मिळतात. घ्यावीत का?

नाककानघसा | १५ फेब्रुवारी, रात्री ९:०५

नाही. यादी जितकी मोठी तितका गोंधळ मोठा. एखाद्या पदार्थाविरुद्ध रक्तात आयजीई सापडणं म्हणजे त्याचा त्रास होणं नव्हे. नाकाच्या तक्रारीसाठी वांगं, तूर, दूध बंद करून बसलेली माणसं दिसतात, मुलांचं तर वजन घटतं. ‘आयजीजी’ (आयजीईहून वेगळं प्रतिद्रव्य) मोजून अन्नाची ॲलर्जी सांगणाऱ्या तपासण्यांना आधारच नाही. एकूण आयजीई जंतांमुळेही वाढतं, तेवढ्यावरून निदान होत नाही.

उपयोगाची तपासणी म्हणजे त्वचेवरची, स्किन प्रिक टेस्ट. हातावर थेंब ठेवून सुईच्या टोकानं हलकं टोचतात, १५ ते २० मिनिटांनी गांधी मोजतात. साध्या मिठाच्या पाण्याच्या थेंबापेक्षा ३ मिलिमीटर किंवा जास्त मोठी आली तर पॉझिटिव्ह. एक थेंब हिस्टामिनचा असतो, तो उठलाच पाहिजे. तो उठला नाही तर अंगात ॲलर्जीची गोळी आहे आणि सगळी तपासणी फुकट. म्हणून गोळ्या आठवडाभर आधी बंद, त्यात खोकल्या-सर्दीचं सिरपही आलं. नाकातला स्टेरॉइडचा फवारा बंद करावा लागत नाही. थेंब आपल्या भागातल्या गोष्टींचे असावेत: वावळ, गाजर गवत, हरळी, विलायती बाभूळ, माइट, झुरळ, बुरशी. इथे न उगवणाऱ्या परदेशी झाडांचा संच लावून उपयोग नाही.

आणि त्याआधी डायरी. तारीख, वेळ, कुठे होतो, शिंका-खाज-चोंदणं यांना ० ते ३ गुण. सहा आठवड्यांची अशी वही घेऊन आलेल्या रुग्णाचं अर्धं निदान वहीतच असतं. बाहेरगावी गेल्यावर थांबतं का? घरात झाडताना वाढतं का? बारा महिने असेल तर माइट, झुरळ, बुरशीकडे बघायचं, ठरावीक महिन्यांत असेल तर परागाकडे.

मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे नाक-कान-घसा विभाग आहेत. तिथं जाताना वापरलेल्या औषधांची रिकामी पाकिटं न्या.

महालकर | १५ फेब्रुवारी, रात्री ९:४०

आणि ॲलर्जीची ‘लस’?

नाककानघसा | १५ फेब्रुवारी, रात्री १०:१५

इम्युनोथेरपी. १९११ मध्ये लंडनला लेनर्ड नून यांनी गवताच्या परागाचा अर्क टोचून याची सुरुवात केली. आजाराची चाल बदलणारा हा एकच उपचार आहे, बाकी सगळं आटोक्यात ठेवणारं. ज्याची ॲलर्जी आहे त्याचाच अर्क वाढत्या मात्रेत, आधी आठवड्याला, मग महिन्याला, असं ३ ते ५ वर्षं. वर्षभरात सोडलं तर पैसे वाया. जिभेखाली ठेवायचे थेंबही असतात.

इंजेक्शननंतर ३० मिनिटं दवाखान्यातच बसायचं, कारण क्वचित अंगभर गंभीर प्रतिक्रिया येते आणि तेव्हा ॲड्रेनालिन लागतं. जिथं ते हाताशी नाही तिथं ही लस घेऊ नका. दमा आटोक्यात नसताना घेत नाहीत, गरोदरपणात सुरू करत नाहीत.

मात्र ‘मोसमात एक इंजेक्शन घेतलं की तीन महिने बिनघोर’ म्हणून जे देतात ते वेगळं. ते बहुधा लांब पल्ल्याचं स्टेरॉइड असतं. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, टोचलेल्या जागी खड्डा पडतो. सुई टोचण्याआधी औषधाचं नाव विचारा आणि कागदावर लिहून घ्या.

तरोटा | १६ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

बाहेर पडण्याबद्दल राहिलं. गवताचा पराग सकाळी ऊन चढू लागलं की उडतो. वारं असेल तर त्या वेळी खिडक्या बंद. ऑगस्ट-सप्टेंबरात अंबाझरी किंवा फुटाळ्याकडचं फिरणं संध्याकाळी किंवा सर पडून गेल्यावर. पण विजांच्या वादळाच्या सुरुवातीला नको. त्या वेळी परागकण ओलाव्यानं फुटून त्याचे बारीक तुकडे होतात आणि ते थेट फुप्फुसात जातात. मेलबर्नला नोव्हेंबर २०१६ मध्ये अशाच एका वादळात हजारो लोकांना एका रात्रीत दम लागला होता.

गाडीवर स्कार्फ बांधतात ते चांगलंच. परागकण १५ ते ४० मायक्रॉनचे, म्हणजे बरेच मोठे, दुपदरी-तिपदरी सुती कापडात बरेचसे अडकतात. पण तोच स्कार्फ झटकून उद्या पुन्हा बांधला तर कालचा सगळा पराग नाकाशी. रोज धुतलेला हवा. घरी आल्यावर तोंड, भुवया, केस धुवावेत आणि बाहेरचे कपडे पलंगावर टाकू नयेत. गच्चीवर वाळत घातलेले कपडे घरात आणण्याआधी झटकावेत, तेही बाहेर.

गाजर गवत उपटायचं तर फुलं यायच्या आत, पाऊस पडून माती मऊ असताना, मुळासकट. पूर्ण बाह्या, हातमोजे, मास्क. फुललेलं उपटलं की पराग आणि बी दोन्ही पसरतं, एका झाडाला हजारो बिया असतात. जाळू नका. फुलाआधीचं असेल तर खड्ड्यात कुजवून खत होतं. त्या जागेवर पावसाच्या सुरुवातीला तरोट्याचं (टाकळ्याचं) बी फेकलं तर तो दाट वाढून गाजर गवताला दाबतो. मेक्सिकन भुंगा पावसाळ्यात गाजर गवताची पानं खातो, पिवळट पाठीवर काळ्या नागमोडी रेघा असतात, त्याला मारू नका.

आईची_डायरी | १६ फेब्रुवारी, सकाळी ८:५०

मुलांमध्ये कधी थांबू नये, तेवढं सांगा.

नाककानघसा | १६ फेब्रुवारी, सकाळी १०:३०

एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड म्हणजे आत मणी किंवा हरभऱ्याचा दाणा असू शकतो. घरी चिमट्यानं काढू नका, आत ढकलला जातो. तोंड उघडं टाकून झोपणं, घोरणं, टीव्हीचा आवाज वाढवणं, हाक मारल्यावर लक्ष नसणं: ॲडेनॉइड (नाकामागच्या गाठी) वाढलेले किंवा कानात पाणी साठलेलं असू शकतं. रात्री किंवा पळाल्यावर खोकला, छातीत शिट्टी: दमा तपासा. नाकाची ॲलर्जी आणि दमा बऱ्याचदा एकाच घरात नांदतात, आणि नाक सांभाळलं तर छातीही सुधारते.

मोठ्यांमध्ये एकाच बाजूचं चोंदणं, रक्तमिश्रित पाणी, वास जाणं, डोक्याला मार लागल्यावर एका बाजूनं पाणी गळणं. मधुमेह असलेल्याच्या नाकात काळी खपली, गाल बधिर, डोळा सुजलेला असेल तर त्याच तासाला रुग्णालय गाठा.

औषधवाला | १६ फेब्रुवारी, दुपारी १२:०५

एक छोटी गोष्ट, पण दुकानात रोज दिसते. फवाऱ्याच्या बाटलीवर १२० किंवा १४० मात्रा लिहिलेल्या असतात. दिवसाला ४ फवारे म्हटलं तर १२० ची बाटली बरोबर ३० दिवस. त्यानंतरही तळाशी औषध दिसतं आणि फवारा उडतो, पण मात्रा पूर्ण येत नाही. मग ‘आता औषध लागू पडत नाही’ म्हणून लोक डॉक्टर बदलतात. बाटली उघडली त्या दिवशी पट्टी चिकटवून दोन तारखा लिहा, उघडल्याची आणि संपण्याची.

सेमिनरी_हिल्स | १६ फेब्रुवारी, दुपारी १:२०

मुखपृष्ठाच्या पोस्टमध्ये मिठाचं प्रमाण, हात उलटा वापरण्याची रीत आणि तरोटा यांचं ऋतुमान जोडतो. मार्चमध्ये ताट्या बदलायच्या वेळी कूलरची पोस्ट पुन्हा वर आणेन. जुलैच्या शेवटी गवताचा मोसम लागण्याआधी फवाऱ्याची.